पाचशे पौंड गवत आणि एक मनगट

१९४५चा पावसाळा सरला आणि तेव्हाच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतल्या वारल्यांनी गवत कापायला नकार दिला. कुरणं जमीनदारांची, विळा धरणारा हात वारल्यांचा. त्याच वर्षी २३ मेला झरी गावात किसान सभेची परिषद भरली होती. वेठबिगारी यापुढे करायची नाही, असं तिथं ठरलं होतं. गवताच्या संपातली मागणी अगदी मोजकी होती : पाचशे पौंड गवत कापलं, की अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांनी ही सगळी हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली. त्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. १९६०च्या राज्यनिर्मितीत उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरी इकडे राहिली.

या लढ्यावर बोलणाऱ्यांची नजर साहजिकच त्या अडीच रुपयांवर जाते. मी अडखळतो तो पाचशे पौंडांपाशी. पाचशे पौंड म्हणजे जवळजवळ २२७ किलो. डाव्या हाताच्या मुठीत एका वेळी पाव किलो गवत येतं असं धरू (हा अंदाज माझा, गवत आणि हात पाहून तो बदलेल). मग विळ्याचे नऊशे फटके झाले. दर फटक्याला उजवं मनगट एकदा करंगळीकडे झुकतं, एकदा आत वळतं आणि परत येतं. डावा हात नऊशे वेळा मूठ आवळतो, पिळतो, सोडतो. त्यानंतर पेंढ्या बांधणं, भारे रचणं आणि उचलणं आलंच. मजुरीचं हे माप वजनात दिलेलं असलं, तरी ते मनगटाच्या हालचालींचंही माप आहे. संपकऱ्यांनी त्याला ‘मनगटाचा आजार’ म्हटलं नाही. म्हणण्याची सोयही नव्हती. पण कामाच्या ओझ्याला आकडा हवा आणि तो आकडा कष्टकऱ्याशी बोलून ठरायला हवा, ही या विषयातली पहिली पायरी त्यांनी चढून दाखवली होती.

आता मनगटाच्या आत काय चालतं ते पाहू. हाताच्या पंजाच्या बळाचा कारखाना पंजात नसतोच. बोटं मिटवणारे दणकट स्नायू असतात कोपराखाली, आणि तिथून निघालेल्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीसारखं. मनगटाची लहान हाडं आठ. त्यांची एक पन्हळ झालेली असते आणि तिच्यावर जाड पट्टा ताणलेला असतो. या बोगद्यातून स्नायूंच्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची जाणीव त्याच्याकडे असते. करंगळी त्याच्या हद्दीत येत नाही. म्हणून ‘रात्री हाताला मुंग्या येतात, पण करंगळी बरी असते’ असं कुणी सांगितलं, की जाणत्या डॉक्टरचे कान टवकारतात.

बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नाहीत. दोऱ्या घासून सुजल्या, की जागा कमी पडते, आणि दाटीत चिरडतो तो सगळ्यांत मऊ असलेला मज्जातंतू. १९८१ साली अमेरिकेत गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या सरासरी अडीच मिलिमीटर होता. मनगट पूर्ण आत किंवा बाहेर वाकवलं, की तोच दाब तीसच्या आसपास गेला. म्हणजे निव्वळ वाकण्यानं बारा पट. मज्जातंतू आधीच दबलेल्या रुग्णांमध्ये मनगट सरळ असतानाही दाब ३२ भरला.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. मनगट पूर्ण आत वाकवा आणि त्याच अवस्थेत मूठ घट्ट आवळून पाहा. ती नीट आवळलीच जात नाही. तरीही काम करायचंच असेल, तर तेवढ्याच पकडीसाठी स्नायूला कितीतरी जास्त ओढावं लागतं. वाकलेलं मनगट असं दोन्हीकडून मारतं : दाब वाढतो आणि ताकद घटते.

बोगद्याबाहेरही दुखण्याच्या जागा आहेत. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन कंडरा एका अरुंद म्यानातून जातात. ते म्यान सुजलं, की अंगठा उघडताना कळ थेट कोपराकडे जाते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं आणि दुखण्याला त्यांचंच नाव पडलं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं आणि जीव कळवळला, तर ते हे दुखणं असण्याची शक्यता मोठी. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही ते होतं. त्यामुळे शेतातून घरी आलेल्या बाईच्या बाबतीत ते विळ्यानं झालं की बाळानं, हा वाद घालण्यात अर्थ नसतो. मनगट एकच आहे आणि त्याला दोन पाळ्या आहेत.

कामाचा आणि हाताचा संबंध जोडणारा पहिला मोठा माणूस इटलीचा बर्नार्डिनो रामाझ्झिनी. त्याचा कारागिरांच्या रोगांवरचा ग्रंथ १७०० साली आला. रोग्याला तुझा धंदा काय, हे विचारायलाच हवं, असा त्याचा आग्रह होता. दिवसभर टाक चालवणाऱ्या लेखनिकांचा हात एकाच दिशेनं अखंड हलत राहतो आणि त्यानं तो निकामी होत जातो, हेही त्यानं नोंदवलं. आपल्याकडे केसपेपरवर वयाखाली ‘व्यवसाय’ हा रकाना असतो. त्यात ‘शेती’, ‘मजुरी’ किंवा ‘गृहिणी’ लिहून पुढं जातात. रामाझ्झिनीला हे उत्तर चाललं नसतं. मजुरी कसली, कुठल्या हातानं, रोजावर की उक्ती?

संशोधनाला आकड्यांचा कणा मिळाला तो १९८०च्या दशकात. बार्बरा सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कारखान्यांमधल्या ६५२ कामगारांना कामाप्रमाणे चार गटांत वाटलं : जोर कमी की जास्त, आणि तीच हालचाल क्वचित की सतत. ‘सतत’ची व्याख्या त्यांनी चोख केली. कामाचं एक आवर्तन तीस सेकंदांहून छोटं असेल, किंवा आवर्तनाचा निम्म्याहून जास्त वेळ तीच हालचाल चालत असेल, तर ते सतत. १९८७ साली निष्कर्ष आला. जोरही जास्त आणि हालचालही सतत, अशा कामात मनगटातला मज्जातंतू दबण्याची शक्यता, दोन्ही कमी असलेल्या कामाच्या मानानं पंधरा पटींहून जास्त होती. नुसत्या जोरानं किंवा नुसत्या पुनरावृत्तीनं एवढा फरक पडत नव्हता. दोघं एकत्र आले, की बेरजेचा गुणाकार होत होता. गवताचा फटका काही सेकंदांत होतो. तो या व्याख्येत कुठं बसतो ते सांगायला नको.

तीच फूटपट्टी घेऊन आज तलासरी-डहाणूत फिरलं तर काय दिसेल? पहिली गोष्ट ही, की इथं एका माणसाचा एक धंदा नसतो. जुलैत राबाची रोपं खणायची आणि आवणी करायची : अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीनं रोप चिखलात खुपसत, कमरेत वाकून, दिवसभर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात आणि गवत कापायचं. दिवाळी झाली, की कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. तिथं चिखलाचा गोळा साच्यात आपटायचा, वरचा निपटायचा, साचा उलटा करून वीट सोडायची. दर हजारावर. म्हणजे मनगटानं साचा हजार वेळा पालथा घालायचा. जे गाव सोडत नाहीत त्यांतले काही घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत राबतात. काही जण टेम्पोत दाटीवाटीनं बसून हद्दीपलीकडे उंबरगाव-वापीच्या औद्योगिक वसाहतींत जातात, पेन्सिलींच्या आणि प्लास्टिकच्या कामांवर. शहरातल्या कारखान्यासाठी बनवलेली प्रश्नावली घेऊन कुणी मे महिन्यात तलासरीच्या पाड्यावर गेलं, तर घरात म्हातारी माणसं सापडतील आणि अहवालात लिहिलं जाईल, की मनगटदुखी वयामुळे होते.

या फसगतीला आणखी एक जुळं भावंड आहे. कारखान्याच्या आत जाऊन तपासलं तर सगळे त्या मानानं धडधाकट दिसतात, कारण ज्यांचा हात गेला ते आधीच घरी बसलेले असतात. ठेकेदाराच्या माणसाला तर राजीनामाही द्यावा लागत नाही. तो उद्यापासून टेम्पोत चढत नाही, एवढंच. म्हणून इथली पाहणी हजेरीपटावर विसंबून चालणार नाही. ती पाड्यावरून सुरू व्हायला हवी आणि भाताच्या वेळापत्रकानं निदान वर्षभर चालायला हवी. काम सोडलेल्यांनाही शोधून काढायला हवं.

शब्दांचीही गोची आहे. ‘मनगट दुखतं का?’ असं विचारलं तर ‘दुखायचंच, काम करतो तर’ हे उत्तर ठरलेलं. कळ येते, ठणकतं, मुंग्या येतात, बधिर होतं, हात गळतो, हातातलं भांडं सुटतं ही वेगवेगळी दुखणी आहेत. ठणका कंडरेचा असू शकतो. मुंग्या आणि बधिरपणा मज्जातंतूचा. भांडं सुटायला लागलं आणि अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, की बराच उशीर झालेला असतो. १९८७ साली नॉर्डिक देशांतल्या संशोधकांनी या कामासाठी माणसाच्या शरीराचं एक चित्र प्रमाण केलं. कुठं दुखतं तिथं खूण करायची. मला गंमत वाटते, की असं चित्र वारली पाड्यावर नेलं तर काय होईल! वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि हातापायांच्या रेघा. मनगट असं त्यात नसतंच, हात सलग रेघ असतो. आणि तरी ढोल वाजवणारा, विळा चालवणारा, पेरणारा हात लगेच ओळखू येतो, कारण रेघ कुठं मोडते ते चित्रकाराला अचूक ठाऊक असतं. सांध्यांचा कोन मोजायला संशोधक कोनमापक वापरतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांसारख्या चित्रकाराच्या डोळ्यात तो जन्मजात होता. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता ही चित्रं बाजारासाठी रांगेनं काढली जातात. बारीक काडी चिमटीत धरून तासन् तास ठिपके भरणारे तरुण हात हाही या प्रकरणाचाच विषय.

चिमटीची गोष्ट निघालीच आहे, तर चिंचणीला जाऊन यायला हवं. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी-वरोर पट्ट्यात घरोघरी डायमेकिंग चालत आलं आहे. दागिन्यांची नक्षी पत्र्यावर उमटवण्यासाठी पोलादाचे ठसे लागतात. ती नक्षी पोलादी ठोकळ्यावर खोलात, उलटी कोरायची. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात छोटी हातोडी. नजर केसाएवढ्या रेषेवर. इथं मनगट विळ्यासारखं हेलकावत नाही, उलट तासन् तास हलतच नाही. स्थिर राहणं हे स्नायूला आराम वाटेल असं आपण समजतो. खरं तर सतत आवळलेल्या स्नायूत रक्ताचा फेरा मंदावतो आणि तो हलत्या स्नायूपेक्षा लवकर थकतो. चिमटीची पकड तर सगळ्यांत महाग. तेवढंच वजन मुठीत धरायला लागतो त्याच्या कितीतरी पट ताण चिमटीत कंडरांवर येतो. त्यात छिन्नीवर बसणाऱ्या प्रत्येक टोल्याचा हादरा. संगणकावर चालणारी कोरीव यंत्रं आली आणि या कामातली बरीच छिन्नी-हातोडी बाजूला पडू लागली. मनगटांची सुटका झाली म्हणावं, तर त्या मनगटांची कमाईही गेली.

मग करायचं काय? मलम, तांब्याचं कडं, काळा दोरा आणि दुखण्यावरची गोळी हे सगळं तलासरीच्या बाजारात मिळतं. यातलं काहीच विळ्याचा फटका कमी करत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी मज्जातंतूच्या दुखण्यात खरोखर उपयोगी पडते, कारण झोपेत आपण हात मुडपून घेतो. तीच पट्टी कामावर घातली, तर वाकू न शकणाऱ्या मनगटाचं काम खांदा करतो आणि दुखणं वर सरकतं. अगदीच दबलेला मज्जातंतू शस्त्रक्रियेनं मोकळा करता येतो, पट्टा कापायचा एवढंच काम, फार मोठं नाही. पण पट्टा कापून माणूस परत त्याच साच्यावर बसणार असेल तर काय साधलं?

उपाय हत्यारापासून सुरू होतो. काम आणि शरीर यांची सांगड घालणाऱ्या शास्त्रात गाजलेला एक प्रयोग पकड या हत्याराचा, म्हणजे प्लायरचा, आहे. अमेरिकेत तारा जोडण्याचं काम शिकणाऱ्यांच्या एका गटाला नेहमीची सरळ पकड दिली, दुसऱ्याला दांडे वाकवलेली. बारा आठवड्यांत सरळ पकडवाल्यांपैकी साधारण ६० टक्क्यांना हाताचं काही ना काही दुखणं लागलं, वाकड्या पकडवाल्यांपैकी १० टक्क्यांना. माणसं तशीच, काम तेच. दांड्यानं वाकायचं कबूल केलं म्हणून मनगट वाचलं.

आपल्याकडे विळ्याचं काय झालं, ते यापुढे ठेवून पाहण्यासारखं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा भात कापणीसाठी सुचवला जातो. त्याला दाते असतात. साध्या विळ्यानं झटका मारून कापावं लागतं, दात्याचा विळा ओढला की कापतो. झटक्यापेक्षा ओढ मनगटाला केव्हाही सोसते. पण शिफारशीत भर असतो तो जमिनीलगत कापणी करण्यावर, खोडकिडीच्या अळ्या बुडख्यात राहू नयेत म्हणून. सल्ला बरोबरच आहे. फक्त जमिनीलगत कापायचं म्हणजे कंबर आणखी चार बोटं वाकवायची आणि मनगट आणखी तिरकं करायचं. भाताचा, किडीचा, पेंढ्याचा विचार त्या ओळीत आहे. मुठीचा जाडपणा, तिचा कोन, आणि ती धरणारा हात पुरुषाचा की बाईचा, हा विचार त्याच शिफारशीत बसायला काहीच हरकत नव्हती.

धारेला आपण स्वस्तात घेतो. बोथट विळा जास्त जोर मागतो, आणि जोर अधिक पुनरावृत्ती यांचा गुणाकार आपण वर पाहिला. कापणीच्या दिवसात दर तासाला बांधावर बसून विळ्याला धार लावणं यात दोन औषधं एकत्र आहेत : धार सुधारते आणि तेवढा वेळ मनगट थांबतं. मधूनमधून घेतलेली छोटी विश्रांती दुपारच्या एका लांब विश्रांतीपेक्षा कंडरांना मानवते. मोठ्या कारखान्यात यासाठी तज्ज्ञ बोलावतात. शेतात जुनी माणसं तंबाखू मळायला थांबत. तंबाखूची तरफदारी मी करत नाही, थांबण्याची करतो.

मात्र उक्त्या कामात थांबणं म्हणजे पैसे सोडणं. हजार विटांना अमुक, पेंढीमागे अमुक. रोजगार हमीवरही खोदलेल्या मातीचं माप घेऊनच मजुरी. मालक कुणाला घाई करत नाही, मजूरच स्वतःला हाकतो. म्हणून मनगटाचं संशोधन करणाऱ्यानं स्नायूंवरचा ताण मोजण्याआधी दरपत्रक मागून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दर इतका हवा, की सावकाश केलेल्या कामातही पोट भरेल. १९४५च्या अडीच रुपयांचा अर्थ मला असा लागतो. पाचशे पौंडांचा भाव दुप्पट झाला, की तेवढ्याच पोटासाठी अडीचशे पौंड पुरतात. साडेचारशे फटके मनगटाच्या खात्यात शिल्लक.

कायद्याकडे पाहिलं तर चित्र विचित्र आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१० साली व्यवसायजन्य रोगांची यादी सुधारली. त्यात अंगठ्याच्या म्यानाची सूज आणि मनगटाच्या बोगद्यातला दाबलेला मज्जातंतू यांना नाव घेऊन जागा दिली आहे, आणि कारणंही लिहिली आहेत : जोराचं, पुन्हा पुन्हा करावं लागणारं, हादऱ्यांचं, मनगट टोकाला वाकवणारं काम. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत डॉक्टरनं कळवायलाच हवेत असे २९ आजार होते. शिसं, पारा, सिलिकॉसिस, आवाजानं येणारा बहिरेपणा. मनगट त्यात नव्हतं. जे कळवायचंच नाही ते मोजलं जात नाही, आणि मोजलं नाही म्हणून ते नाहीच असं सिद्ध होतं. शेतमजूर तर कारखान्याच्या कायद्याच्या कुंपणाबाहेरच.

कापणीच्या आधी तलासरीच्या बाजारात विळे येतात. बाया ते घेताना नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. पातं त्या नंतर तपासतात. आधी मूठ हातात घेतात, हवेत एक ओढ घेतात, खाली ठेवतात, दुसरा उचलतात. बहुतेक मुठी एकाच मापाच्या, मोठ्या हाताच्या. मग त्यातल्या त्यात बरा विळा घरी जातो आणि मुठीवर जुन्या लुगड्याची चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली जाते, कुठं एक वेढा, कुठं तीन. कोणाच्या हाताला किती वेढे लागले, एवढं जरी कुणी वहीत उतरवून घेतलं, तरी लोहाराला द्यायला मापं तयार आहेत.